मार्कंड्याच्या स्नानाला जाताना



महाशिवरात्र जवळ आली की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. रक्तदाब पाहून होतो, गोळ्या लिहून होतात आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी उठता उठता विचारतात, "मार्कंड्याला जाऊन येऊ ना जी?" मागे उभी असलेली सून मला मानेनेच खुणावते, 'नाही म्हणा.'

मूलसारख्या तालुक्याच्या गावी पंचवीसहून अधिक वर्षे मी सामान्य वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. या प्रश्नाला पूर्वी माझे उत्तर ठरलेले असे : "जा, पण जपून." या 'जपून' शब्दात नेमके काय काय येते, याचा विचार मी स्वतःही केलेला नव्हता. तो करावा लागला माझ्या आईमुळे. आज ती हकीकत आणि तिच्यातून मी जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवीत आहे. आपण स्वतः वयस्क असाल किंवा घरातील वयस्कांची काळजी वाहत असाल, तर स्नानाला निघण्याआधी हे एकदा वाचावे.

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवाचे प्राचीन शिल्पसमृद्ध मंदिर आहे. विदर्भाची काशी म्हणून त्याची ख्याती आहे. वैनगंगा या ठिकाणी उत्तरवाहिनी होते, म्हणून येथील स्नानाचे महत्त्व विशेष मानले जाते. महाशिवरात्रीच्या यात्रेत चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील गावेच्या गावे येथे लोटतात. माझ्या आईचे माहेर चामोर्शीकडचे. लग्नानंतरही तिने हा नेम सोडला नव्हता.

बारा वर्षांपूर्वी, आई एक्काहत्तर वर्षांची असताना, मी तिला घेऊन गेलो. तिला मधुमेह होता, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती आणि त्या दिवशी तिचा उपवास होता. हरणघाटाच्या पुलावरून आम्ही चामोर्शीला आणि तेथून मार्कंड्याला पोचलो. मंदिरासमोर सगळे जेथे उतरत होते तेथेच आम्हीही उतरलो. दुसरीकडे जावे असे मनातही आले नाही. एवढी माणसे उतरत आहेत म्हणजे जागा बरीच असणार, हा माझा हिशोब.

आईचा एक हात माझ्या हातात होता, माझ्या दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. गुडघाभर पाण्यात दोन पावले पुढे टाकताच तिच्या पायाखालची रेती सरकली आणि ती खाली गेली. माझ्या हातातून तिचा हात निसटला. शेजारी स्नान करणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांनी तिला दंडाला धरून वर ओढले. सगळा प्रकार काही क्षणांचा. आईच्या नाकातोंडात पाणी गेले होते. ती खोकली, हसली, म्हणाली, "देवानं डुबकी मारून घेतली." आम्ही दर्शन घेतले आणि घरी आलो.

रात्री खोकला चालू राहिला. मी डॉक्टर असूनही तो थंडीचा समजलो. दुसऱ्या दिवशी ताप आला, तिसऱ्या दिवशी श्वासाची गती वाढली, तेव्हा मी छातीला नळी लावली. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया झाला होता. चंद्रपूरच्या एका रुग्णालयात ती नऊ दिवस होती. ती वाचली. पण एखाद्या रुग्णाच्या मुलाने एवढा उशीर केला असता, तर मी त्याला काय बोललो असतो, हे त्या नऊ रात्री मी स्वतःला ऐकवीत होतो.

पुढच्या वर्षी माघ लागला तशी ती म्हणाली, "काहून रे, यंदा नाही नेत का मला?" मी स्पष्ट नकार दिला. त्यावर तिने वाद घातला नाही. पण त्या दिवसापासून तिचे बोलणे कमी झाले, जेवण कमी झाले. काळजी वाहणाऱ्या मंडळींना ठाऊक असेल, वयस्क माणसाच्या आयुष्यातून एकेक गोष्ट आपण काढून घेत असतो. एकट्याने बाजारात जाणे, चुलीपाशी बसणे, गच्चीवर चढणे. प्रत्येक वेळी कारण योग्यच असते. तरीही शेवटी उरते ते फार थोडे असते. आठवडाभराने मी आईला म्हटले, "नेतो. पण जागा मी निवडीन."

यात्रेच्या आठ दिवस आधी एका रविवारी मी एकटाच हातात वेळूची काठी घेऊन मार्कंड्याला गेलो. काठावर डोंगा लावून जाळे सुकवीत बसलेल्या एका वृद्ध ढिवर गृहस्थांना विचारले, "मायला अंघोळ घालायची आहे. कुठं उतरवू?" ते उठले आणि तासभर माझ्यासोबत नदीच्या पात्रात हिंडले. "वरून रेती सारखी दिसते जी," ते म्हणाले, "पण खाली गड्डे आहेत. पाहून नाही समजत, काठी टाकून समजते." वैद्यकीय महाविद्यालयात मला कुणी शिकवले नव्हते, ते त्यांनी शिकवले. त्यात मी माझ्या शास्त्राची भर घातली. ते सारे आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट खोलीची. नदी जेथे वळण घेते, तेथे वळणाच्या बाहेरच्या काठाला पाण्याचा मारा अधिक असतो. तो काठ उभा तुटतो आणि त्याखाली डोह होतो. आतल्या बाजूला पाणी संथ असते, रेती साठते आणि उतार सौम्य राहतो. वयस्कांना उतरवायचे ते नेहमी आतल्या, रेतीच्या काठाने. पुलाच्या खांबांभोवती प्रवाह तळ कोरतो, तेथे पाणी उथळ वाटले तरी खड्डा असू शकतो. रेतीघाटांवर उपसा झालेल्या जागी तर पात्रात अचानक पुरुषभर खोल खड्डे राहतात आणि गढूळ पाण्यात ते मुळीच दिसत नाहीत. म्हणून काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नये. मागच्या वर्षी सुरक्षित असलेली जागा यंदाही तशीच असेल असे समजू नये. प्रत्येक पावसाळा पात्र नव्याने मांडतो.

हे धोके कल्पनेतले नाहीत. फेब्रुवारी २०२५ मधील महाशिवरात्रीला मार्कंड्याला निघालेले चंद्रपूरचे एक कुटुंब वाटेत वैनगंगेत उतरले आणि त्यातील तीन स्त्रिया बुडाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात वैनगंगेतच तीन तरुण वैद्यकीय विद्यार्थ्यांचा बुडून अंत झाला. ती बातमी वाचून मी बराच वेळ सुन्न बसलो होतो. वय, शक्ती, शिक्षण यांपैकी काहीही अनोळखी पाण्यात उपयोगी पडत नाही.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. तरुण माणूस गुडघाभर प्रवाहात उभा राहील, पण मांडीचे स्नायू क्षीण झालेल्या, तळव्याची संवेदना कमी झालेल्या माणसाचा तोल त्याच पाण्यात जाईल. वयस्कांसाठी माझी मर्यादा घोट्याच्या वर आणि पोटरीच्या खाली, एवढीच आहे. वैनगंगेवर वरच्या अंगाला गोसीखुर्दसारखे मोठे धरण आहे. धरणाचे दरवाजे उघडले की आपल्याकडे ऊन असतानाही पाणी चढू शकते. पाण्याच्या कडेला रेतीत एक काडी रोवून ठेवावी. काडीपर्यंत पाणी आले की सामान आवरून वर यावे. पावसाळ्यात, म्हणजे श्रावणात किंवा अधिक महिन्यात, वयस्कांना नदीत उतरवूच नये.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे स्नानाच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या ५०० पर्यंत असणे इष्ट आहे आणि २५०० च्या वर ती मुळीच नसावी. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम हवा. हे आकडे काठावर उभे राहून डोळ्यांना दिसत नाहीत. नितळ पाणीही दूषित असू शकते. पण काही खुणा दिसतात : जवळ गावाचा नाला मिळतो आहे का, गुरे पाण्यात बसली आहेत का, कडेला निर्माल्य आणि फेस साचला आहे का, मेलेले मासे किंवा हिरवा तवंग आहे का, वास येतो का, गेल्या दोन-तीन दिवसांत पाऊस पडला आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर ती जागा सोडावी.

स्नान नेहमी गर्दीच्या वरच्या अंगाला करावे, हे आपण जाणतोच. पण मार्कंड्याला येथेच चूक होते. आपल्या मनात नदी दक्षिणेकडे वाहत असते, कारण एरवी वैनगंगेचा ओघ तसाच आहे. मंदिरापाशी मात्र ती उत्तरवाहिनी आहे. म्हणजे वरचा अंग दक्षिणेकडचा. ज्या गोष्टीमुळे हे स्थान पवित्र मानले गेले, तीच गोष्ट स्वच्छ पाणी कोणत्या बाजूला मिळेल हेही सांगते. खात्री करायची असेल तर एक वाळलेले पान पाण्यात सोडून पाहावे. माझ्या वाटाड्यांनी मला घाटापासून बरेच दक्षिणेकडे नेले आणि कमी उताराची एक रेतीची पट्टी दाखवली. तेथे नाला नव्हता, गर्दी नव्हती, आणि तेथून कळसाचे दर्शन होत होते. आईच्या दृष्टीने शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती.

पाणी स्वच्छ वाटले तरी ते पिऊ नये. विषमज्वर, अतिसार, अ आणि ई प्रकारची कावीळ हे रोग तोंडावाटे गेलेल्या पाण्यातूनच होतात. आचमनासाठी घरून उकळून गार केलेले पाणी न्यावे. नदीचे पाणी ओंजळीत घेऊन अर्घ्य द्यावे आणि डोके टेकवावे. पायाला जखम, भेगा किंवा चिखल्या असतील तर पाण्यात पाय घालू नये, कारण अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग जखमेवाटे शरीरात शिरतो. मधुमेहींना तर जखम झाल्याचे कळतही नाही. त्यांनी अनवाणी चालू नये. दुपारच्या तापलेल्या रेतीने तळव्यांना फोड आलेले आणि ते दोन दिवसांनी लक्षात आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

चंद्रपूरच्या वाचकांसाठी येथेच एक वेगळी सूचना. चैत्रात महाकालीच्या यात्रेला आलेले भाविक मंदिराजवळच्या झरपट नदीत उतरतात. शहरातून वाहणाऱ्या या नदीत सांडपाणी मिसळते. तेथे कोणती जागा निवडावी, असे कुणी विचारले तर माझे उत्तर 'कोणतीच नाही' असे आहे. नळाच्या पाण्याने स्नान करून दर्शनाला जावे.

चौथी गोष्ट आपल्या शरीराची. जागा कितीही चांगली असली तरी तिथे उतरणारे शरीर कोणते, हे पाहावे लागते. पहाटेच्या थंड पाण्यात एकदम बुडी मारली की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, नाडी आणि रक्तदाब झटकन वाढतात. हृदयरोग्यांना हे झेपत नाही, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट श्वासनलिकेत जाते. म्हणून ऊन वर आल्यावर जावे. आधी पाय, मग हात, मग मान ओली करावी. डोके पाण्याखाली घालू नये, तांब्याने पाणी घ्यावे.

उपवास आणि औषधे यांचा मेळ आधी घालावा. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. लघवीच्या गोळीने आणि कमी पाणी पिण्याने, वाकून उठताना चक्कर येते. आपल्या डॉक्टरांना चार दिवस आधी विचारून त्या दिवसाची मात्रा ठरवून घ्यावी, मनाने औषध बंद करू नये. खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे दिसले आणि माणूस शुद्धीवर असला, तर लगेच साखरपाणी द्यावे. उपवास मोडला म्हणून देव रागावत नाही.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. थंड पाणी, अतिश्रम आणि शरीरातील पाणी कमी होणे, या तिन्ही गोष्टींनी त्यांना वेदनेचा झटका येऊ शकतो. अशा व्यक्तीने, मग ती तरुण नात का असेना, थंड पाण्यात उतरू नये. तिने कोमट पाण्याने स्नान करून यावे आणि दिवसभर भरपूर पाणी प्यावे.

पाचवी गोष्ट सोबतीची. एका वयस्कामागे एक सशक्त माणूस हवा आणि त्याचे दोन्ही हात मोकळे हवेत. ही अट मी माझ्या पिशवीमुळे शिकलो. सोबत दहा-बारा हात दोर आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा डबा ठेवावा. कुणी खोल पाण्यात गेलेच तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. बहुतेक वेळा एकामागोमाग तिघे जातात ते यामुळेच. काठावरून काठी पुढे करावी, साडी किंवा दोर फेकावा, डबा फेकावा. तो डबा माणसाचे डोके पाण्यावर धरू शकतो.

बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबू नये, त्याला उलटे टांगू नये. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे. श्वास थांबला असेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास, हे चक्र मदत येईपर्यंत चालू ठेवावे. दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन करावा. आणि ज्याच्या नाकातोंडात पाणी गेले आहे तो हसत असला, चालत असला, तरीही त्याच्यावर २४ तास लक्ष ठेवावे. खोकला थांबत नसेल, दम लागत असेल, गुंगी किंवा ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नये. मी पाहिली होती.

हिवाळ्यात आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे गणपतीपुळे, हरिहरेश्वर अशा कोकणातील देवस्थानांना जातात. तेथे नदीऐवजी समुद्र असला तरी चूक तीच होते : मंदिरासमोरचे पाणी हेच स्नानाचे पाणी समजले जाते. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर अनेक पर्यटक बुडाले आहेत. हरिहरेश्वरचा खडकाळ प्रदक्षिणामार्ग केवळ ओहोटीच्या वेळी चालण्याजोगा असतो. समुद्राची सवय नसलेल्या आपण वैदर्भीयांनी भरती-ओहोटीची वेळ आधी विचारावी, जीवरक्षक असेल तेथेच थांबावे, आणि वयस्कांनी ओल्या वाळूत खुर्ची टाकून पायांवर लाट घ्यावी. तेवढे समुद्रस्नान पुरेसे आहे.

आता आईचे सांगून थांबतो. त्या वर्षी निवडलेल्या रेतीच्या पट्टीवर मी एक प्लास्टिकचे स्टूल ठेवले. ती त्यावर बसली, पाय पाण्यात, तोंड कळसाकडे. मी आणि माझा पुतण्या दोन्ही बाजूंना. तांब्याने एकेक तांब्या तिने स्वतः अंगावर घेतला. नंतर मी तिचे पाय पुसून, बोटांच्या मधल्या जागा कोरड्या करून पायमोजे घातले, तेव्हा आजूबाजूची दोन-चार माणसे पाहत होती. पुढच्या वर्षी त्यातल्या एका घरानेही सोबत स्टूल आणलेले मी पाहिले.

अशी पाच स्नाने तिला मिळाली. दर वर्षी आठ दिवस आधी मी काठी घेऊन जात असे आणि दोनदा जागा बदलावी लागली. सहाव्या वर्षी तिला उठवत नव्हते. तेव्हा नदीचे थोडे पाणी आणून तिच्या कोमट अंघोळीच्या पाण्यात चार थेंब टाकले. ते पाजायचे नाही हे तिलाही आता माहीत झाले होते. "उत्तरेकडचं की दक्षिणेकडचं?" एवढेच तिने विचारले. मी म्हटले, "दक्षिणेकडचं." तिने मान हलवली. त्याच वर्षी आषाढात ती गेली.

म्हणून आता दवाखान्यात आजी विचारतात, "जाऊन येऊ ना जी?" तेव्हा मी सुनेच्या खुणेकडे पाहत नाही आणि "जपून" असेही म्हणत नाही. विचारतो, "सोबत कोण आहे? पायाला जखम आहे का? आणि तुमची जागा पाहायला आधी कोण जाऊन येणार?" या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरात मिळाले की मी होकार देतो. यंदा यात्रेच्या आधीचा एक रविवार आपणही त्यासाठी राखून ठेवावा. जाताना काठी न्यावी, आणि काठावर जाळे सुकवीत बसलेल्या माणसाला नमस्कार करून विचारावे.